सेंट बेनेट्स ॲबी : मठाच्या दरवाजात उभी राहिलेली पवनचक्की

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफक परगण्यात, ब्युअर नदीच्या काठी सपाट कुरणांत एक विचित्र वास्तू उभी आहे. मध्ययुगीन मठाचा दगडी दरवाजा आणि त्याच्याच पोटातून वर गेलेला लाल विटांचा गोल बुरूज. हा बुरूज किल्ल्याचा नाही. ती अठराव्या शतकातली पवनचक्की आहे. दरवाजाचा वरचा मजला नाही, पवनचक्कीची पातीही नाहीत. दोन्ही वास्तू पडक्या आहेत, तरी दोन्हींना ब्रिटिश कायद्याने सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण दिले आहे. मठाच्या दरवाजात पवनचक्की का बांधली गेली? तिने दरवाजाचे नुकसान केले की त्याला वाचवले? या प्रश्नांची उत्तरे त्या भागातील जमीन, पाणी आणि दगड यांच्या इतिहासात सापडतात.

हा मठ कोणता?

सेंट बेनेट म्हणजे संत बेनेडिक्ट. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांच्या नावाचे बेनेट असे रूप रूढ होते. सहाव्या शतकात इटलीत होऊन गेलेल्या या संताने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. ती पाळणारे ते बेनेडिक्टाइन पंथाचे साधू. इंग्लंडमधील बहुतेक जुने आणि मोठे मठ याच पंथाचे होते.

नॉरफकमधील या जागी नवव्या शतकात एक छोटा मठ होता आणि डेन हल्लेखोरांनी तो उद्ध्वस्त केला, अशी परंपरा आहे. लिखित इतिहास सुरू होतो तो सुमारे १०२० पासून. इंग्लंड आणि डेन्मार्क या दोन्हींवर राज्य करणारा राजा कनूट याने या मठाला हॉर्निंग, लडम आणि नीट्सहेड ही आसपासची गावे इनाम दिली. त्याच सुमारास येथील काही साधू बरी सेंट एडमंड्स येथे पाठवले गेले आणि त्यांच्यापासून तेथील प्रसिद्ध मठाची घडी बसली.

जागेची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. मठाभोवती दलदल होती आणि मधे थोडी उंच, घट्ट जमीन. अशा उंचवट्याला जुन्या भाषेत ‘होम’ म्हणत, म्हणून मठाचे नाव ‘होम येथील सेंट बेनेट’ असे पडले. एका अंगाला नदी आणि बाकीच्या बाजूंना पाणथळ प्रदेश असल्याने एकांत मिळत होता, संरक्षण मिळत होते आणि सामान ने-आण करायला होड्यांची वाटही होती. पायी येणाऱ्यांसाठी हॉर्निंगच्या बाजूने दलदलीतून भर घालून केलेला एक रस्ता होता. तो जेथे मठाच्या आवाराला भिडत असे, तेथेच हा दरवाजा उभा आहे.

मठाला एवढा मोठा दरवाजा कशासाठी?

आपल्याकडे किल्ल्याचा महादरवाजा आणि त्याच्या आतल्या देवड्या पाहिलेल्या वाचकांना मठाच्या दरवाजाची रचना अपरिचित वाटणार नाही. मधोमध गाडी जाईल एवढी रुंद वाट, तिच्या दोन्ही तोंडांना कमानी, बाजूला पहारेकऱ्याची खोली आणि वर एक मजला. इंग्लंडमधील मोठ्या मठांचे दरवाजे साधारण याच पद्धतीचे असत. वरच्या मजल्यावर कधी कचेरी असे, कधी कागदपत्रे ठेवण्याची खोली, तर कधी न्यायनिवाड्याची जागा.

या दरवाजाला धार्मिक अर्थही होता. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतील सहासष्टावे प्रकरण मठाच्या द्वारपालाविषयी आहे. द्वारपाल वयस्क आणि समंजस असावा, त्याची खोली दरवाजालगत असावी आणि दार वाजवणाऱ्याला त्याने लगेच उत्तर द्यावे, असे त्यात सांगितले आहे. याच प्रकरणात पुढे म्हटले आहे, की पाणी, गिरणी, बाग अशा सगळ्या गरजेच्या गोष्टी शक्यतो मठाच्या आवारातच असाव्यात, म्हणजे साधूंना बाहेर भटकावे लागणार नाही. दरवाजा आणि गिरणी या दोन गोष्टी नियमावलीत एकाच प्रकरणात आल्या आहेत. सेंट बेनेट्समध्ये त्या पुढे एकाच पायावर येणार होत्या, अर्थात साधू निघून गेल्यावर.

दरवाजाला लौकिक बाजूही होती. मठ हा मोठा जमीनदार होता. १३२७ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने मठाला आवाराची भिंत तटबंदीसारखी बांधण्याची परवानगी दिली. आज दिसणारा दरवाजा त्याच चौदाव्या शतकातला आहे. अशी तटबंदी संरक्षणासाठी असे, तशीच ती प्रतिष्ठेची खूणही असे. ती किती पुरेशी होती हे १३८१ मध्ये दिसले. त्या वर्षी इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा उठाववाले या मठावरही चालून आले. त्यांचा रोख होता तो कुळांची देणी आणि बंधने नोंदवलेल्या दप्तरावर, आणि ती कागदपत्रे जाळण्यात आली.

दरवाजाचे बांधकाम कसे आहे?

नॉरफकमध्ये घडाईचा चांगला दगड मिळत नाही. तेथे मुबलक मिळते ती गारगोटी, म्हणजे खडूच्या थरांत सापडणारे अतिशय कठीण, काचेसारखे फुटणारे गोटे. त्यामुळे या भागातील मध्ययुगीन गवंड्यांनी एक खास पद्धत विकसित केली. भिंतीचा गाभा गारगोटी आणि चुन्याचा. कोपरे, कमानी, खिडक्यांच्या चौकटी यांसाठी बाहेरून आणलेला चुनखडीचा घडीव दगड. दर्शनी भागात गारगोट्या फोडून त्यांची काळी, चकचकीत बाजू बाहेर येईल अशा बसवायच्या आणि मधे फिक्या दगडाच्या पट्ट्या घालून नक्षी उठवायची. काळ्या-पांढऱ्याचा हा खेळ पूर्व इंग्लंडमधील चर्चवर ठिकठिकाणी दिसतो. सेंट बेनेट्सच्या दरवाजातही घडीव दगड आणि फोडलेली गारगोटी यांची अशी जोड आहे.

वाटेवर दगडी छत होते. कोपऱ्यांतून निघून वर एकत्र येणाऱ्या दगडी फासळ्यांवर ते पेललेले असे. छत आज नाही, पण फासळ्या जेथून सुटत ती टोके भिंतीत शिल्लक आहेत आणि त्यांवरून जुन्या छताचा अंदाज करता येतो.

सर्वांत लक्ष वेधून घेते ते कमानीच्या खांद्यांवरचे कोरीव काम. टोकदार कमान आणि तिच्याभोवतीची चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा उरते. त्यांपैकी एकीत शस्त्र उगारलेला माणूस आहे आणि दुसरीत सिंह. मधली कमान ओलांडून दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत. सहाशेहून अधिक वर्षांच्या वाऱ्यापावसाने शिल्प झिजले आहे, तरी ओळखू येते.

या दरवाजाशी एक दंतकथाही जोडली जाते. नॉर्मन सैन्याने मठाला वेढा घातला, तेव्हा एका साधूने मठाधिपतीचे पद मिळावे या अटीवर आतून दार उघडले. नॉर्मनांनी शब्द पाळला, त्याला मठाधिपती केले आणि लगेच दरवाजावर फासावर लटकवले, अशी ती कथा आहे. कथा रंगतदार आहे, पण नॉर्मन इंग्लंडमध्ये आले १०६६ मध्ये आणि हा दरवाजा बांधला गेला तो त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. ज्या कमानीकडे बोट दाखवून कथा सांगितली जाते, ती त्या काळी अस्तित्वातच नव्हती.

मठ कसा संपला?

१५३६ ते १५४० या काळात राजा आठवा हेन्री याने इंग्लंडमधील मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. सेंट बेनेट्सच्या वाट्याला मात्र वेगळा शेवट आला. येथील शेवटचे मठाधिपती विल्यम रग यांना १५३६ मध्ये नॉरिचचे बिशप करण्यात आले. त्यासोबत एक अदलाबदल झाली. बिशपच्या गादीच्या जुन्या जमिनी राजाकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात सेंट बेनेट्सच्या जमिनी बिशपकडे आल्या. त्यामुळे हा मठ रीतसर बरखास्त झालाच नाही. या दृष्टीने इंग्लंडमधील हा एकमेव मठ मानला जातो. नॉरिचचे बिशप आजही नावापुरते सेंट बेनेट्सचे मठाधिपती असतात.

कागदोपत्री मठ टिकला, तरी प्रत्यक्षात तो रिकामा झाला. तेथे काही साधू ठेवावेत अशी अट होती, पण थोड्याच वर्षांत ते निघून गेले. मग जे इतर मठांचे झाले तेच येथेही झाले. ज्या प्रदेशात घडीव दगड दुरून आणावा लागे, तेथे ओसाड मठ म्हणजे तयार खाणच. नदी शेजारी असल्याने दगड वाहून नेणेही सोपे होते. मठाचे भव्य चर्च, साधूंच्या निजायच्या खोल्या, भोजनशाळा सगळे हळूहळू नाहीसे झाले. सर जॉन फास्टॉल्फ या नामांकित सरदाराला १४५९ मध्ये याच चर्चमध्ये पुरले होते. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफ या पात्राचे नाव त्याच्यावरून आले. आज त्याच्या थडग्याचे नावनिशाणही नाही. चर्चच्या जागी भिंतींचे काही अवशेष उरले आहेत आणि आवारात मठाच्या मत्स्यतळ्यांचे खळगे दिसतात.

ठळकपणे उभा राहिला तो फक्त दरवाजा.

मग पवनचक्की कोठून आली?

अठराव्या शतकात या जमिनीवर शेती आणि गुरेचराई होत होती. त्याच काळात दरवाजाच्या जागी विटांची पवनचक्की उभारली गेली. सुरुवातीला ती रेपसीड, म्हणजे मोहरीच्या कुळातील तेलबिया, भरडण्यासाठी वापरली गेली असे मानले जाते. रॉकेल येण्यापूर्वी युरोपात दिव्यांसाठी हे तेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. पुढे चक्कीचे काम बदलले आणि ती कुरणांतील पाणी उपसू लागली.

पाणी उपसण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी हा प्रदेश समजून घ्यावा लागतो. ‘ब्रॉड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील उथळ तलावांना पूर्वी नैसर्गिक समजले जाई. १९५०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे तलाव म्हणजे माणसांनी खणलेले खड्डे आहेत. मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, येथून काढला जाई. मठही या जळणाचे मोठे वापरकर्ते होते. पुढे पाण्याची पातळी वाढली, पूर आले आणि खड्डे भरून तलाव झाले. अशा सखल भागात गुरांसाठी कुरणे कोरडी ठेवायची, तर चरांमध्ये जमणारे पाणी उचलून नदीत टाकण्यावाचून पर्याय नव्हता. त्यासाठी या भागात पवनचक्क्यांची रांगच उभी राहिली. जवळच थर्न गावात १८२० मध्ये बांधलेली पांढरी चक्की आजही उभी आहे.

या चक्क्यांची रचना साधी असते. निमुळत्या होत जाणाऱ्या गोल बुरुजावर लाकडी टोपी बसवलेली असते आणि ती वाऱ्याच्या दिशेला फिरवता येते. टोपीतून बाहेर आलेल्या आडव्या दांड्यावर चार पाती असतात. पाती फिरली की दातेरी चाकांमार्फत बुरुजाच्या मध्यातील उभा दांडा फिरतो. त्याला खाली जात्याचे दगड जोडले की चक्की भरडू लागते आणि पाणी उचलणारे मोठे चाक जोडले की उपसा सुरू होतो. त्यामुळे एकाच बुरुजाकडून वेगवेगळ्या काळात वेगवेगळी कामे करून घेता येत.

दरवाजाच्याच जागी का?

याचे उत्तर देणारे कागदपत्र हाताशी नसले, तरी जागा पाहिली की कारणे उमगतात. पीटवर उभी केलेली जड इमारत खचते. ब्रॉड्समधील अनेक चक्क्या पुढे कलल्या, त्या यामुळेच. बांधणाऱ्यांना पायाखाली लाकडी खुंट ठोकावे लागत. मठाचा दरवाजा मात्र घट्ट उंचवट्यावर होता आणि चार शतके जागचा हलला नव्हता. वर त्याच्या जाड भिंती आयत्या मिळत होत्या. खर्चाचा हिशेब करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण होते.

अडचण होती ती वाऱ्याची. पात्यांजवळ उंच भिंती असल्या की वारा अडतो आणि घुसळतो. दरवाजाचा वरचा मजला यासाठीच उतरवला गेला. मठाच्या दरवाजाचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते येथे.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. जी इमारत उपयोगाची, तिचे दगड कोणी काढून नेत नाही. चर्चची भिंत पाडून दगड विकता येत होते. चक्कीला आधार देणारी भिंत पाडली, तर चक्कीच कोसळली असती. विटांच्या बुरुजाने दरवाजाचा काही भाग पोटात घेतला, तेव्हा त्याला पावसापासून आडोसा मिळाला आणि दगड नेणाऱ्यांपासूनही. आज चक्कीत शिरले की विटांच्या गोल भिंतीच्या आत एकदम टोकदार दगडी कमान दिसते. अठराव्या शतकाच्या आत चौदावे शतक जपून ठेवल्यासारखे ते दृश्य आहे.

दोन काळ कसे ओळखायचे?

या वास्तूत बांधकामाचा क्रम उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. दरवाजाच्या रेषा सरळ आणि कोन काटकोनी आहेत. चक्की गोल आहे आणि वर निमुळती होत जाते. दरवाजाचे साहित्य गारगोटी आणि फिका घडीव दगड, तर चक्कीचे लाल वीट. विटा जेथे दगडाला भिडतात तेथे त्या दगडाच्या आकाराप्रमाणे वळण घेतात, दगड कोठेही विटांसाठी वळण घेत नाही. नंतर आलेला नेहमी आधीच्याशी जुळवून घेतो, हा जुन्या इमारती वाचण्याचा मूलभूत नियम आहे. आपल्याकडील जुने वाडे, देवळे, किल्ले पाहतानाही तो उपयोगी पडतो.

चित्रकारांची आवडती जागा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉरिच शहरात निसर्गचित्रकारांचा एक गट उदयाला आला. १८०३ मध्ये तेथे चित्रकारांची संस्था स्थापन झाली. या परंपरेतील जॉन सेल कॉटमन, हेन्री ब्राइट यांच्यासह अनेकांनी सेंट बेनेट्सचे चित्रण केले. सपाट क्षितिज, मोठे आकाश, पाणी आणि मधे एकच उभी आकृती, अशी मांडणी त्यांना आयती मिळाली. अभ्यासकांसाठी ही चित्रे पुराव्यासारखी आहेत, कारण त्यांत चक्की पाती आणि टोपीसह दिसते. १८६३ मधील वादळात टोपी आणि पाती उडून गेली. ती पुन्हा बसवली गेली नाहीत आणि पवनचक्कीही मठासारखीच अवशेष झाली.

चक्की काढून टाकावी का?

हा प्रश्न जगभरच्या जतनकार्यात पुन्हा पुन्हा येतो. जुन्या, मौल्यवान वास्तूवर नंतरच्या काळाने काही लादले असेल, तर ते काढून मूळ रूप परत आणावे का? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील अनेक चर्चमध्ये असेच केले गेले. नंतरच्या शतकांतील भर काढून टाकली गेली आणि मध्ययुगीन दिसेल असे नवे काम बसवले गेले. याला विरोध म्हणून विल्यम मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. डागडुजी करा, नव्याने घडवू नका, कारण प्रत्येक काळाची भर हा इमारतीच्या इतिहासाचाच भाग आहे, असे तिचे म्हणणे होते.

सेंट बेनेट्समध्ये हा विचार सहज पटतो. चक्की काढली, तर मठाचा दरवाजा परत मिळणार नाही. वरचा मजला गेला तो गेलाच. हाती येईल ती आणखी थोडी पडकी भिंत आणि या प्रदेशातील पाण्याशी झालेल्या झगड्याची एक खूण मात्र नाहीशी होईल. म्हणूनच दरवाजा आणि चक्की दोन्ही आहेत तशा राखल्या आहेत. ही जागा आज नॉरफक आर्किऑलॉजिकल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे आणि २०१०च्या दशकात अवशेषांची मोठी डागडुजी झाली. नवे छत नाही, नवी पाती नाहीत. निसटणारे दगड-विटा पक्क्या करणे आणि पाणी मुरू न देणे, एवढेच धोरण आहे.

आजही होणारी प्रार्थना

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नॉरिचचे बिशप शिडाच्या पारंपरिक मालवाहू होडीतून नदीमार्गे येथे येतात. एकेकाळी जेथे चर्चची मुख्य वेदी होती, तेथे लाकडी क्रूस उभा आहे. त्याच्याभोवती जमलेल्या लोकांसह उघड्यावर प्रार्थना होते. कागदोपत्री न संपलेल्या मठाचे मठाधिपती वर्षातून एक दिवस आपल्या मठात येतात.

एरवी येथे गुरे चरतात आणि होड्या जातात. नदीतून जाणाऱ्याला प्रथम चक्कीचा बुरूज दिसतो, दरवाजा नाही. जवळ गेल्यावर विटांच्या आडून दगड डोकावू लागतो, मग कमान आणि तिच्या खांद्यावरचा सिंह. मठ बांधणाऱ्यांनी दरवाजा उभारला तो लोकांनी त्यातून आत यावे म्हणून. आज त्याच्या आत पोहोचायचे, तर आधी चक्कीत शिरावे लागते.